जर्नल जगलं ते प्रश्नांच्या पानांवर

प्रश्न (गुहागर तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडून): भारतातलं सर्वांत जुनं गणिताचं नियतकालिक म्हणून मुलांना मी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’चं नाव सांगते. रामानुजनचा पहिला लेख त्यात आला, यापलीकडे मात्र मलाच काही ठाऊक नाही. ते कुणी आणि कशासाठी काढलं? इतकी वर्षं टिकलं कसं? आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध पोचतो का? आणि आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजात त्यातलं काही वापरता येईल का?

उत्तर:

रत्नागिरीत पदवीच्या वर्गांना गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि या जर्नलचे जुने खंड चाळणं हा माझा जुना नाद आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

‘सर्वांत जुनं’ म्हणताना जरा जपून. कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी १९०८ साली स्थापन झाली आणि तिचं बुलेटिन १९०९ मध्ये सुरू झालं. आपलं जर्नलही १९०९ चंच. संस्था म्हणून इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी एका वर्षाने थोरली, १९०७ ची. मुलांना ‘सर्वांत जुन्या दोहोंपैकी एक’ असं सांगा, म्हणजे कुणी बंगाली माणूस भांडायला यायचा नाही.

ते काढलं व्ही. रामस्वामी अय्यर यांनी. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते, मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. दिवसा जमाबंदी आणि दप्तर, रात्री भूमिती. त्यांची अडचण अगदी साधी होती. युरोपातली गणिताची नियतकालिकं महाग, एकट्याच्या पगारात परवडायची नाहीत, आणि जिल्ह्याच्या गावी ती दृष्टीला पडणंही मुश्कील. म्हणून त्यांनी ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रं लिहिली: आपण वर्गणी काढू, महत्त्वाची नियतकालिकं आणि पुस्तकं मिळून मागवू, आणि टपालाने एकमेकांकडे फिरवू. १९०७ च्या एप्रिलमध्ये यातूनच ‘ॲनालिटिक क्लब’ उभा राहिला. नाव बदलत बदलत १९११ च्या सुमारास इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं. सुरुवातीच्या अंकांवर तर ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ असंच छापलेलं आहे. म्हणजे आधी भिशी काढावी तसं वाचनालय निघालं, आणि सभासदांना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मागाहून जर्नल आलं. हा क्रम लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं त्यावरून उलगडतं.

जगात इतरत्र पाहिलं तरी असंच दिसतं. आज चालू असलेल्या गणित-नियतकालिकांत सर्वांत जुनं मानलं जातं ते बर्लिनचं ‘क्रेलं जर्नल’, १८२६ चं. ऑगस्ट लिओपोल्ड क्रेलं हा प्रशियाच्या सरकारी नोकरीतला इंजिनियर. रस्ते बांधणारा माणूस, बर्लिन ते पोट्सडॅम रेल्वेच्या कामातही होता. स्वतः मोठा गणिती नव्हता, पण पारख जबर. पहिल्याच खंडात त्याने नॉर्वेच्या आबेल नावाच्या, खिशात दमडी नसलेल्या तरुणाचे लेख ओळीने छापले. अमेरिकेतलं ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ १८९४ मध्ये बेंजामिन फिंकेल या शिक्षकाने मिसुरी राज्यातल्या किडर नावाच्या खेडेवजा गावातून काढलं. विद्यापीठांच्या मोठ्या खुर्च्यांवरून अशी कामं सहसा सुरू होत नाहीत. त्या खुर्चीतल्या माणसाला बोलायला आजूबाजूला माणसं असतात. आडगावच्याला ती छापूनच मिळवावी लागतात.

आता कोकण. सोसायटीचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं, चार दशकांहून जास्त काळ. पुढे ते मद्रासला रामानुजन इन्स्टिट्यूटकडे गेलं. फर्ग्युसनचे तेव्हाचे प्राचार्य रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६ चा, गाव दापोली तालुक्यातलं मुर्डी. केंब्रिजच्या १८९९ च्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे अव्वल, ठरलेला पहिला भारतीय. त्यांना शिक्षणासाठी मुर्डीहून बाहेर काढलं ते त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले धोंडो केशव कर्वे यांनी. महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला विधवाश्रम आणि महिला विद्यापीठ आठवतं. पण पोटापाण्यासाठी हा माणूस १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत होता, हे आपल्याच मुरूड-दापोलीकडच्या मुलांना माहीत नसतं. तर मद्रासकडच्या मंडळींनी काढलेल्या क्लबाची पुस्तकं सांभाळायला पुणं, आणि त्या पुण्यातल्या कॉलेजच्या गणितावर दापोली तालुक्याची अशी छाप. संबंध पोचतो तो असा.

त्या काळी कोकणात अंक मागवणारा सभासद असता तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली १९९८ मध्ये. माणसं जायची-यायची ती बोटीने, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड करत. आणि पावसाळ्यात बोटी बंद. मग जे काय यायचं ते घाट उतरून. अशा ठिकाणच्या माणसाला अंकातल्या सिद्धान्तांपेक्षा शेवटची पानं जास्त जवळची वाटली असती. कारण तिथे ‘प्रश्न’ छापलेले असत आणि उत्तर पाठवायला कुणालाच मज्जाव नव्हता.

या प्रश्नांच्या पानांवर जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते जर्नल जगलं ते त्यांच्यामुळे. पद्धत अशी: सभासदाने प्रश्न पाठवायचा, संपादकाने त्याला क्रमांक देऊन नावासकट छापायचा. पुढच्या अंकांत ज्याचं उत्तर पसंत पडेल त्याचं, तेही नावासकट. प्राध्यापक, शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी सगळे एकाच रांगेत. १९११ ते १९१९ या काळात रामानुजनने असे साठाच्या आसपास प्रश्न दिले. त्यांतला सर्वांत गाजलेला क्रमांक २८९, १९११ सालचा. किंमत काढा:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

अंकामागून अंक गेले, सहा महिने झाले, कुणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजननेच दिलं: ३. त्याची युक्ती बारावीच्या मुलाला पाच मिनिटांत कळते. (क + २) चा वर्ग म्हणजे १ + (क + १)(क + ३). गुणून बघा, दोन्हीकडे क² + ४क + ४ येतं. आता क ला १ धरा: ३ = √(१ + २ × ४). त्यातल्या ४ साठी क ला २ धरा: ४ = √(१ + ३ × ५). त्यातला ५ म्हणजे √(१ + ४ × ६). असं एकात एक बसवत गेलं की वरची राशी तयार.

वर्गात इथेच थांबू नका. एखादी चलाख मुलगी विचारेल की शेपटाला कायम एक पूर्णांक लोंबकळतोच आहे, तो टाकून द्यायचा अधिकार कुणी दिला? प्रश्न रास्त आहे, आणि रामानुजनच्या छापील उत्तरात त्याचं समाधान नाही. आधी गणकयंत्रावर तुकडे मोजायला लावा. √(१ + २) म्हणजे १.७३२. एक मूळ आणखी आत घेतलं, √(१ + २√(१ + ३)), की २.२३६. पुढे २.५६०, मग २.७५५. चढतंय, पण ३ ला पोचतं हे सिद्ध करायचं कसं?

चौथा तुकडा घ्या: √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + ५)))). इथे ५ च्या पुढे जे खरं मूळ यायला हवं होतं त्याची किंमत ७, आणि आपण त्या जागी १ ठेवला. म्हणजे आतली राशी खऱ्याच्या एकसप्तमांश. पण तिला ५ ने गुणून त्यात १ मिळवून वर्गमूळ घेतलं की ती खऱ्याच्या निदान √(१/७) पट होते, कारण मिळवलेला १ तर काही कापला गेलेला नाही. एक मूळ बाहेर आलं की पुन्हा वर्गमूळ, मग पुन्हा. चार मुळांत ०.१४३ चं ०.३७८, ०.६१५, ०.७८४, ०.८८५ होतं. म्हणजे तुकडा ३ च्या ०.८८५ पटीहून, २.६५ हून, कमी असूच शकत नाही. आणि तो ३ हून मोठाही होत नाही. पुढे जाल तशी शेपटाची चूक हळूहळू वाढते, १/८, १/९, १/१०, पण वर्गमुळं तिला फार झपाट्याने १ कडे ओढतात. १० पर्यंतचा तुकडा घेतला तर तो २.९८ च्या वर असायलाच हवा. झालं. सीमा ही कल्पना मुलांच्या गळी उतरवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला नोकरीत सापडलं नाही.

याच प्रश्नाचा दुसरा भाग, √(६ + २√(७ + ३√(८ + …))), मुलांवर सोडा. उत्तर ४. क + ३ च्या वर्गापासून सुरुवात करा एवढं सुचवलं तरी पुरे.

दुसरा एक प्रश्न असाच, पण त्याची गोष्ट फार लांब गेली. क्रमांक ४६४, साल १९१३. २ च्या घातातून ७ वजा केले की कधी कधी पूर्ण वर्ग मिळतो: ८ − ७ = १, १६ − ७ = ९, ३२ − ७ = २५, १२८ − ७ = १२१. मग मोठी उडी, २ चा पंधरावा घात ३२७६८, त्यातून ७ गेले ३२७६१, आणि तो १८१ चा वर्ग. घात ३, ४, ५, ७, १५. रामानुजनने विचारलं, आणखी आहेत का? कुणालाच सांगता आलं नाही. १९४३ मध्ये नॉर्वेत लुंगग्रेन यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारला, आणि १९४८ मध्ये नागेल यांनी सिद्ध केलं की नाहीत, हे पाचच. आज त्याला रामानुजन–नागेल समीकरण म्हणतात. गंमत म्हणजे संदेश पाठवताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारे कोड शोधताना हेच समीकरण पुन्हा समोर येतं. ० आणि १ यांच्या ‘न’ अंकी संदेशात दोनपर्यंत चुका दुरुस्त करणारा आणि एकही जागा वाया न घालवणारा ‘परिपूर्ण’ कोड हवा असेल तर १ + न + न(न − १)/२ हा २ चा घात असावा लागतो. आठपट करून मांडा, (२न + १)² + ७ मिळेल. न = ९० घेतलं की १८१ येतो, आणि १ + ९० + ४००५ = ४०९६, म्हणजे २ चा बारावा घात. हिशेब तंतोतंत जमतो, पण तसा कोड प्रत्यक्षात मात्र नाही, हे पुढे सिद्ध झालं. एका नियतकालिकाच्या मागच्या पानावरचा चार ओळींचा प्रश्न पस्तीस वर्षं उघडा राहिला, आणि आपला मोबाइल ज्या शास्त्रावर चालतो त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. वर्गात हे जरूर सांगा.

रामानुजनचा पहिला लेख तिसऱ्या खंडातला, १९११ चाच, बर्नूली संख्यांवर, म्हणजे घातांच्या बेरजांच्या सूत्रांत येणाऱ्या ठरावीक अपूर्णांकांवर. संपादक होते बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजचे एम. टी. नारायण अय्यंगार. हा माणूस मला रामानुजनइतकाच महत्त्वाचा वाटतो. हस्तलिखित दोघांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करत होतं. लिहिण्याची पद्धत इतकी त्रोटक आणि अनोखी की नेहमीच्या वाचकाला ती झेपायची नाही, अशी तक्रार होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘रिजेक्ट’ करायला पुरेसं कारण होतं. त्यांनी केलं नाही, सुधारून घेतलं. संपादकाचं काम म्हणतात ते हेच.

तरीही एक गोष्ट निसटलीच. बर्नूली संख्येला तिच्या क्रमांकाने भागून अपूर्णांक संक्षिप्त केला की त्याचा अंश (१ सोडला तर) मूळ संख्या असतो, असं विधान त्या लेखात आहे. सुरुवातीची उदाहरणं बघाल तर फसालच: २, ४, ६, ८, १० ला अंश १. बाराव्याला ६९१, मूळ. चौदाव्याला १. सोळाव्याला ३६१७, मूळ. अठराव्याला ४३८६७, मूळ. विसाव्याला १७४६११, आणि तो निघतो २८३ × ६१७. विधान कोसळलं. १९८१ च्या खंडात सॅम्युअल वॅगस्टाफ यांनी या पहिल्याच लेखाचा सविस्तर परामर्श घेतला, याच जर्नलमध्ये, सत्तर वर्षांनी. नियतकालिक टिकण्याचा एक फायदा हा. चूक जिथे छापली गेली त्याच घरात तिची तपासणी होते.

रामस्वामी अय्यरांकडे रामानुजन गेला होता तो लेख घेऊन नव्हे, नोकरी मागायला. १९१० मध्ये तिरुकोइलूरला. तालुका कचेरीत कारकुनी मिळाली तरी चालेल, असं म्हणत. अय्यरांनी वह्या पाहिल्या आणि नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर या बुद्धीचा गळा घोटायची त्यांची इच्छा नव्हती. ओळखीची पत्रं देऊन मद्रासला पाठवलं. पुढे १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी लागली, तिथले हेड अकाउंटंट एस. नारायण अय्यर सोसायटीचे खजिनदार. म्हणजे केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र जाण्याआधीच सोसायटीच्या माणसांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. केंब्रिजची गोष्ट सगळे सांगतात, या कड्याची कुणी फारशी सांगत नाही.

नारायण अय्यंगार १९२७ पर्यंत संपादक राहिले, नंतर आर. वैद्यनाथस्वामी आले. इथून जर्नलचा चेहरा बदलला. रौप्यमहोत्सवाचा विसावा खंड निघाला, १९३४ पासून नवी मालिका सुरू झाली, आणि जर्नल हळूहळू निखळ संशोधनाचं झालं. शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी ए. नरसिंग राव यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ वेगळं निघालं, आणि टिपणं, प्रश्नोत्तरं असा मजकूर त्याच्या वाट्याला गेला. व्यवस्थापन म्हणून निर्णय बरोबर होता, दोन्ही आजवर चालू आहेत हे त्याचं प्रमाण. पण माझ्या मते त्यात काहीतरी हरवलंही. शाळामास्तराचं नाव आणि संशोधकाचं नाव एकाच जिल्दीत असण्यात जी मजा होती ती गेली. सोवळं-ओवळं आलं म्हणा ना.

‘स्टुडंट’च्या पानांवर आपल्याला एक कोकणी माणूस मात्र भेटतो: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमधून १९२९ ला पदवी, त्याआधी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि मग आयुष्यभर देवळालीला शाळेत मास्तर. १९३८ च्या ‘स्टुडंट’मध्ये त्यांचा डेम्लो संख्यांवरचा लेख आहे. हे डेम्लो म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरची आपली डोंबिवली. १, १२१, १२३२१ हे त्यांतले सोपे नमुने, नुसत्या एक्क्यांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग. त्यांचा ६१७४ तुमच्या मुलांना माहीत असेलच: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी हाच येतो. पंडितांनी कापरेकरांना फार मनावर घेतलं नाही. बरंचसं त्यांनी पदरमोड करून छापलं. अमेरिकेत मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे इथल्या लोकांनी मान वर करून पाहिलं. मला विचाराल तर त्यांचं गणित खोल नव्हतं, पण मुलांना आकड्यांच्या नादी लावायला त्यांच्याइतका उपयोगी माणूस महाराष्ट्रात दुसरा झाला नाही.

खोल गणिताचं उदाहरण हवं असेल तर थोडं दक्षिणेला, गोव्यात जाऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गाव कोसबें. इतिहासकार म्हणून नाव मोठं, पण पेशाने गणिती, आणि तेही फर्ग्युसनमध्ये शिकवत. १९४३ च्या जर्नलमध्ये त्यांचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा लेख आहे. यादृच्छिक चढउतार असलेल्या वक्राला मोजक्या, एकमेकांशी काटकोनात असलेल्या घटकांत कसं फोडायचं, हा विषय. जगभर आज ही पद्धत कारुनेन आणि लोएव यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे लेख त्यानंतरचे. कोसंबींचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतं. महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, जर्नल पोचणार किती जणांपर्यंत? घरच्या नियतकालिकात छापण्याची ही किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

पण नाण्याला दुसरी बाजूही होती. १९५६ च्या फेब्रुवारीत मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला आणि त्यातलं काम जर्नलच्या त्या वर्षीच्या विसाव्या खंडात आलं. नव्या मालिकेचा विसावा. जुन्या मालिकेचा विसावा म्हणजे रौप्यमहोत्सवी खंड, घोटाळा करू नका. त्यात झीगेल आणि मास हे जर्मन गणिती आहेत, आणि ४७ व्या पानापासून नॉर्वेचे आट्ले सेलबर्ग. हाच तो लेख ज्यातून ‘सेलबर्ग ट्रेस फॉर्म्युला’ जगासमोर आला. आजही संख्या-सिद्धान्तात काम करणाऱ्या कुणालाही तो लेख उद्धृत करायचा तर या भारतीय जर्नलचंच नाव लिहावं लागतं. माझ्या दृष्टीने जर्नलचा तो सर्वोच्च बिंदू. त्यानंतर चांगले लेख येत राहिले, पण आपल्या उत्तम गणितींनी आपलं उत्तम काम बाहेर पाठवायला सुरुवात केली, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? कोसंबींचं काय झालं ते वर सांगितलंच.

मधल्या दशकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नियमित अंक काढत राहणं एवढंच पुष्कळ काम असतं. इतकं मात्र म्हणेन: पदोन्नतीसाठी लेखांची मोजदाद सुरू झाली तेव्हापासून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं, आणि आमच्यातल्याही कित्येकांनी त्यात हात धुवून घेतले. अशा बाजारात जिथून लेख परत येऊ शकतो असं एक जुनं घर शिल्लक असणं मोलाचं आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्या कॉलेजात संशोधनाचं जर्नल काढता येणार नाही, काढूही नका. प्रश्नांचं पान मात्र सहज काढता येईल. दोन बाजू छापलेला एक कागद, महिन्याला एक. आसपासच्या चार-सहा शाळा-कॉलेजांना पाठवा. शृंगारतळी, आबलोली, वेळणेश्वर, जिथे ओळखीचे शिक्षक असतील तिथे. नियम जर्नलचेच ठेवा. प्रश्नाला क्रमांक, आणि क्रमांक वर्ष बदललं तरी पुढे चालू. विचारणाऱ्याचं नाव, सोडवणाऱ्याचं नाव, गावासकट. उत्तर महिनाभर छापायचं नाही, कुणी कितीही मागितलं तरी. व्हॉट्सॲपवर प्रश्न टाकाल तर दहा मिनिटांत कुणीतरी कुठून तरी उत्तर उतरवून टाकतो आणि खेळ संपतो. म्हणून कागदच बरा, आणि उत्तरही हाताने लिहिलेलं मागा.

प्रश्न निवडताना एक पथ्य पाळा. चार प्रश्नांतला एक असा असू द्या की ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही, आणि तसं छापून टाका. मुलं त्याच्यावरच तुटून पडतात. अर्धवट उत्तर आलं आणि त्यात कल्पना असेल तर तेही छापा, कुठे अडलं ते सांगून. आलेलं उत्तर त्रोटक असेल तर अय्यंगारांसारखं परत पाठवा, दोनदा, तीनदा. फेकू नका आणि स्वतः लिहूनही देऊ नका. मराठीत आलेलं उत्तर मराठीतच छापा. बारावीला इंग्रजी पुस्तक असलं म्हणून विचार इंग्रजीतच करायला हवा असं नाही.

रामानुजनचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्या १९२७ मध्ये केंब्रिजहून निघालेल्या संकलित लेखांच्या पुस्तकात आहेत. मोठ्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते मिळतं. त्यातले बरेच तुमच्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे, पण आठ-दहा नक्की पेलतील. पहिल्या अंकात २८९ चा दुसरा भाग घाला. जूनमध्ये सुरुवात नको, प्रवेशाच्या गडबडीत आणि पहिल्या पावसात कागद कुठे जातो ते कळत नाही. गणपतीच्या सुट्टीआधी एक आठवडा काढा. तेव्हा मुंबईची भावंडं घरी आलेली असतात आणि चार डोकी एकत्र बसलेली असतात. उत्तरं आली की एक प्रत मलाही पाठवा.